खुरावरचा नंबर

सिकंदराबादला छावणीच्या बाजूला एक बाग आहे आणि त्या बागेत काळ्या दगडाची एक भिंत. लढायांमध्ये कामी आलेल्या जनावरांसाठी ती बांधली आहे. घोडे, खेचरं, कुत्री. भिंतीवर त्यांचे नंबर कोरलेत, कारण बहुतेकांना नाव नव्हतंच. तिसऱ्या ओळीत डावीकडून चौथा नंबर गेल्या महिन्यापर्यंत माझ्या वडिलांच्या खेचराचा होता. म्हणजे समितीच्या वहीत तरी तसं लिहिलेलं होतं. तो नंबर खोटा होता. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण तो मीच लिहून दिला होता.

भिंतीसमोर घोड्याचा पुतळा आहे. पुढचे दोन पाय हवेत, आयाळ उडते आहे, नाकपुड्या फुगलेल्या. उद्घाटनाच्या दिवशी मी समितीच्या सचिवसाहेबांना विचारलं होतं की भिंतीवर निम्म्याहून जास्त खेचरं आहेत, मग पुतळा घोड्याचा का. ते निवृत्त अधिकारी, बोलायला सभ्य माणूस. म्हणाले, खेचर पुतळ्यात उठून दिसत नाही. खरंच आहे ते. खेचर उठून दिसावं म्हणून कुणी पाळत नाही. त्याच्या पाठीवर पीठ, रॉकेल, तोफगोळे आणि परतीच्या वाटेवर जखमी माणसं लादतात, आणि ते मान खाली घालून चालत राहतं. त्या दिवशी बँड वाजला, भाषणं झाली. प्रत्येक भाषणात ‘मूक योद्धे’ हा शब्द होता. मूक असणारे आपल्याला फार आवडतात. त्यांच्या वतीनं पाहिजे ते बोलता येतं. मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

आबा, म्हणजे माझे वडील, लष्करात खेचरवाले होते. बंदूक त्यांच्याकडे होती, पण ती चालवल्याचं त्यांनी कधी सांगितलं नाही. नांदेडकडच्या गावात घरी चार बैल होते आणि खाणारी तोंडं अकरा, म्हणून ते भरती झाले. जनावर हाताळता येतं का, असं तिथल्या साहेबानं विचारलं. आबांनी हो म्हटलं आणि त्यांच्या हातात खेचराची दोरी आली. ती लढाई का झाली, कोण जिंकलं, हे त्यांना विचारलं तर ते म्हणायचे की रस्ता फार चढाचा होता. त्यांच्यापुरती लढाई तेवढीच होती.

परत आल्यावर त्यांनी इथं शहरात अंबरपेठेत दोन खोल्या घेतल्या आणि मलकपेठला शर्यतीच्या घोड्यांकडे मोतद्दार म्हणून लागले. मी लहान असताना आमच्या घराला एक वास होता, तो मला आता कुठंच सापडत नाही. शिजवलेली जवस, चामड्याला लावायचं तेल, भिजलेले हरभरे, आणि या सगळ्याखाली घोड्याच्या घामाचा गोडसर आंबूस वास. आबा संध्याकाळी सायकल भिंतीला लावत, घंगाळातलं पाणी अंगावर ओतत, अंगभर साबण लावत. तरी तो वास जायचा नाही. आई त्यांचे कपडे वेगळ्या दोरीवर वाळत घालायची. शर्यतीच्या घोड्यांना लांबलचक इंग्रजी नावं असत. पाठीवर टाकायच्या झुलींवर ती रेशमानं भरलेली असत. आबा ती नावं घरी येऊन चुकीची म्हणून दाखवत आणि आम्ही हसत असू. तेव्हा ते आमच्याबरोबर हसत. हसण्याचा त्यांना मुळीच राग नव्हता, हे मी मुद्दाम सांगते आहे.

खेचराला मात्र नाव नव्हतं. नंबर होता, तोही कागदावर नव्हे, खुरावर. पुढच्या डाव्या खुरावर तापलेल्या लोखंडानं आकडे डागायचे. खूर वाढतो तसे आकडे खाली सरकतात, आणि नाल बदलताना कानशीनं घासून जातात. म्हणून ते पुन्हापुन्हा डागावे लागत. हे काम आबाच करायचे. खेचराला दुखत नाही, आपल्या नखासारखं असतं ते, असं ते सांगायचे. पण धूर निघतो, आणि केस जळाल्याचा वास येतो, आणि दर वेळी खेचर मान वळवून आबांच्या पाठीला नाक लावायचं. एवढं सांगताना आबांचा हात आपोआप स्वतःच्या पाठीकडे जायचा.

पोळ्याला आमच्या घरात गंमत असायची. अंबरपेठेत बैल कुठले आणायचे? आई मातीचे दोन बैल करायची, मुसी नदीकडून आणलेल्या चिकणमातीचे. आबा उरलेल्या गोळ्याचं तिसरं जनावर करत. शिंगं नाहीत, कान लांब, शेपटी आखूड. आई पहिल्या वर्षी म्हणाली होती म्हणे, की देवाच्या पाटावर खेचर बसवल्याचं गावात कळलं तर लोक तोंडात शेण घालतील. आबांनी तरी खेचर पाटावर ठेवलं. पुढं आईलाच त्याची सवय झाली. बैलांना बेगड चिकटवून झाली की ती उरलेली बेगड खेचराच्या कानाला लावायची. वाटीत भिजवलेले हरभरे, मग पुरणपोळी, कढवलेल्या तुपाचा वास, ओल्या मातीवर हळद. आबा काडेपेटीतली काडी घेऊन खेचराच्या पुढच्या डाव्या पायावर आकडे कोरत. मग हात जोडून तो नंबर मोठ्यानं म्हणत. लष्करी हिंदीत, एका दमात, एकेक आकडा, आणि शेवटी ‘हाजिर’. दुसऱ्या दिवशी तिन्ही जनावरं मुसीत जात आणि आकडे पाण्यात विरघळत.

दर वर्षी तो नंबर माझ्या डोळ्यांसमोर होता. पूजेचं ताट माझ्या हातात असायचं. मी त्या पायाला हळदकुंकू लावलं आहे, त्या आकड्यांत कुंकू भरलेलं मला दिसतं आहे. आकडे मात्र दिसत नाहीत.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गावाकडं खांदेमळण असते. बैलांचे खांदे हळद-तुपानं मळायचे आणि त्यांच्या कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आमच्या घरी ती कधी झाली नाही. त्या संध्याकाळी आबा घरात थांबतच नसत. सायकल घेऊन जायचे ते थेट जेवायच्या वेळी यायचे. कारण आईनं मला आबा वारल्यावर सांगितलं. त्या डोंगरात, लढाई चालू असताना, आबा आणि दोन मराठी गडी यांना कुणाच्या तरी पत्रावरून कळलं की उद्या पोळा. बैल नव्हते, खेचरं होती. त्यांनी दिव्याचं तेल घेतलं, कुणाजवळ पुडीत हळद होती ती घेतली, आणि आपापल्या खेचराचे खांदे मळले. आबांनी त्याच्या लांब कानात रीतसर आवतण दिलं. सकाळी वाटेवर तोफेचा गोळा पडला. जेवायला बोलावलेलं जनावर दुपारपर्यंत वाटेच्या कडेला पाय झाडत होतं, आणि मग साहेबानं त्याला गोळी घालायला लावली. कुणाला घालायला लावली, ते आई बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतरचं आबांनी स्वतः एकदा सांगितलं होतं, अगदी रुक्षपणे, कचेरीचं काम सांगावं तसं. जनावर मेलं तर नुसतं तोंडानं सांगून चालत नसे. विकलं नाही, हरवलं नाही, खरंच मेलं, याचा पुरावा लागायचा. नंबराचा खूर कापून आणायचा. आबांनी तो कापला, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळला, तीन दिवस पाठीवर वाहिला आणि खाली येऊन जमा केला. लेखनिकानं नंबर पडताळून पाहिला, वहीत रेघ मारली, खूर टोपलीत टाकला आणि दुसऱ्या खेचराची दोरी दिली. ते दुसरं कसं होतं, असं माझ्या भावानं विचारलं. आबा म्हणाले, चांगलं होतं.

आता माझं ऐका. मी सहावीत असताना वर्गात ‘माझे वडील’ असा निबंध होता. त्याआधी एका मुलीनं आबांना मलकपेठला घोड्याची लीद भरताना पाहिलं होतं आणि आमच्या बोळात ‘खच्चरवाले की बेटी’ असं माझं नाव पडलं होतं. मी निबंधात लिहिलं की माझे वडील रणगाडा चालवायचे. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला, वहीवर शेरा दिला. आबांना मराठी वाचता यायचं, बोट ठेवून. त्यांनी ती वही उघडली, निबंध शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले की अक्षर चांगलं आलं आहे. वही मिटून त्यांनी फळीवर ठेवली. मला ओरडले असते तर आज मी सुटले असते.

त्याच वर्षीच्या पोळ्याला घरी पाहुणे होते, आईकडचे. आबांनी हात जोडले, नंबर म्हटला, हाजिर म्हटलं. पाहुणे ओट्यावर गेल्यावर मी भावासमोर त्यांची नक्कल केली. छाती पुढं काढली, टाचा जुळवल्या, तसेच आकडे घडाघडा म्हटले, आणि हाजिरच्या जागी खेचरासारखी ओरडले. भाऊ लोळून हसला. दारात आबा उभे होते. हातात केळीचं पान होतं, जेवण वाढायला आणलेलं. ते पान त्यांनी आईजवळ दिलं.

पुढच्या वर्षी आबांनी माती मळली, कान लांब केले, काडीनं आकडे कोरले, हात जोडले आणि नंबर मनातल्या मनात म्हटला. ओठ हलताना दिसले. त्यानंतर त्यांच्या तोंडून तो कधी ऐकू आला नाही. आणखी सोळा पोळे झाले. सोळा वेळा मला त्यांच्याजवळ जाऊन, आबा, मोठ्यानं म्हणा, एवढंच म्हणायचं होतं. मी शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं, पोळ्याला माहेरी यायची ती पुरणपोळी खायला. ताट हातात घेऊन उभी राहायची आणि मनात म्हणायची, जाऊ दे, म्हाताऱ्याचं खूळ आहे.

म्हणून समितीचा फॉर्म आला तेव्हा मला आधी आनंद झाला. वाटलं, आता सगळी भरपाई करू. दगडात कोरू, पाण्यात जाणार नाही असं. फॉर्मवर आबांचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. मग ‘जनावराचा क्रमांक’ अशी रिकामी चौकट आली. आबांची पेटी उपसली. त्यांची लष्करातली पुस्तिका मिळाली, तीत आबांचा नंबर होता, खेचराचा नव्हता. पुण्याला भावाला फोन केला. त्याला माझी नक्कल आठवत होती, टाचा जुळवलेल्या, ओरडणं, सगळं. तो फोनवर पुन्हा हसला. आकडे विचारल्यावर म्हणाला, ताई, म्हणत तर तूच होतीस. आई तर केव्हाच गेलेली. मी त्या चौकटीसमोर आठ दिवस बसले. आकडा येईल येईल असं वाटायचं. आबांचा आवाज ऐकू यायचा, पण त्यात आकडे नसायचे. शेवटच्या तारखेला मी एक नंबर लिहिला. माझ्या पहिल्या स्कूटरचा होता तो, एक आकडा बदलून. समितीनं तीन महिने कागद मागितले, प्रतिज्ञापत्र करून घेतलं, दोन साक्षीदार मागितले. सगळं दिलं. इतक्या खऱ्या सहीशिक्क्यानं खोटं बोलता येतं, हे तेव्हा कळलं.

भिंत झाल्यावर मी दर रविवारी तिथं जायला लागले. नातीला एकदा नेलं. तिनं त्या नंबराशेजारी माझा फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला, खाली इंग्रजीत लिहिलं की आमच्या पणजोबांचं खेचर. दोन दिवस फोन येत होते. प्रत्येकाला आबांचा अभिमान वाटत होता. मी थँक्यू म्हणत होते.

मस्तान चाचा मला तिथंच भेटले, गेल्या महिन्यात. ऐंशीच्या पुढचे, हातात काठी, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. भिंतीवर हात ठेवून ते एकेक आकडा चाचपत चालले होते, ओळ संपली की पुन्हा डावीकडून. बराच वेळ पाहून मी जवळ गेले. म्हणाले, आँखां काम नै कररे बेटी, जरा देख को बोलो. आणि त्यांनी एक नंबर सांगितला. एका दमात, एकेक आकडा. आबा म्हणायचे तसाच. मी सगळी भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली, मग उलटी पाहिली. तो नंबर नव्हता.

ते मलकपेठला राहत होते, म्हणजे आबांच्या कामाच्या जागेपासून फर्लांगभर, आणि दोघं एकमेकांना कधी भेटले असतील का कोण जाणे. त्यांची तुकडी वेगळी होती, डोंगर वेगळा होता. खूर कापून आणण्याचं त्यांनीही केलं होतं. फॉर्म भरायचा असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. जाहिरात इंग्रजी पेपरात आली होती, आणि त्यांच्या घरी कुणी सांगितलं नाही. भिंत झाली हे त्यांना ऑटोवाल्याकडून कळलं. मी विचारलं, इतक्या वर्षांनी नंबर कसा लक्षात राहिला. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. रोज दुआ मांगते वखत लेतूं ना नंबर, म्हणाले, मेरे वास्ते मरा वो.

मी त्यांना बागेतल्या कचेरीत घेऊन गेले. सचिवसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, हात जोडले, आणि भिंतीवर आता जागा नाही असं सांगितलं. नवा दगड बसवायला मंजुरी लागेल, मंजुरीला वर्ष-दीड वर्ष लागेल. चाचांनी मान डोलावली. लष्करातला माणूस, जागा नाही म्हटल्यावर समजून घेणारा. ते काठी उचलायला लागले.

मी म्हणाले, “तिसऱ्या ओळीतला चौथा नंबर काढा आणि तिथं यांचा घाला. त्या नंबरावर माझा हक्क आहे. मी लिहून देते.”

मला वाटलं होतं, आता का असं विचारतील. विचारलं असतं तर मी सगळं सांगणार होते, स्कूटरसकट. तयारीही झाली होती माझी. सचिवसाहेबांनी एक कोरा कागद पुढं सरकवला आणि म्हणाले, दोन ओळी लिहा, पुरे. आबांच्या खेचराचा नंबर लावायला तीन महिने लागले होते. काढायला दोन ओळी लागल्या. मी सही केली आणि आमचं खेचर, खरं होतं तेही आणि खोटं होतं तेही, त्या भिंतीवरून गेलं.

गुरुवारी गवंडी आला. चाचा आणि मी समोरच्या बाकावर बसलो होतो. यंत्राचा कर्कश आवाज, पांढरी धूळ, दगड तापल्याचा वास. माझे आकडे घासून निघाले, तिथं फिकट पट्टा पडला, आणि त्यावर दुसरे आकडे उमटायला लागले. चाचा प्रत्येक आकडा आधी स्वतः म्हणत होते आणि मग गवंड्यानं तोच कोरला ना, असं मला विचारत होते. पूर्ण झाल्यावर ते उठून गेले, तळहातानं धूळ पुसली आणि बराच वेळ हात तिथंच ठेवला. मला बरं वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्यांचा हेवाही वाटला, इतका की बाकाची कड मी घट्ट धरून बसले होते.

परत येऊन बसल्यावर त्यांनी विचारलं की ही जागा कुणाची होती. माझ्या वडिलांच्या खेचराची, असं मी सांगितलं. ते म्हणाले की हे आधी सांगायला हवं होतं, त्यांनी घेतलीच नसती जागा. मी म्हटलं, असू दे चाचा. ते थोडा वेळ काठीच्या मुठीवर हात चोळत राहिले. मग माझ्याकडे वळले.

“नंबर बोलो बेटी,” ते म्हणाले. “मेरे नंबर के साथ उस का बी लेतूं रोज. जब तक हूं, तब तक लेतूं.”

मी म्हणाले, मला माहीत नाही.

त्यांना वाटलं मी नीट ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी सावकाश. मी पुन्हा तेच सांगितलं.

“बेटी हो को मालूम नै?” चाचा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मुलगी असून ठाऊक नसावं, हे त्यांना खरंच समजत नव्हतं, आणि ते माझ्या तोंडाकडे पाहत बसले होते.